विगला दुरंगी छटा : रंगाआधी तंतू ओळखा

– प्रतिनिधी

मुळांशी काळेभोर असलेले केस खांद्यापर्यंत येता येता तपकिरी होत जावेत आणि टोकांना मधाचा रंग यावा, ही केशरंगाची पद्धत आता चित्रपटतारकांपुरती राहिलेली नाही. शहरातील मध्यम दर्जाच्या ब्युटी पार्लरच्या दरपत्रकावरही 'ओंब्रे' हा शब्द दिसतो. मूळ फ्रेंच असलेल्या या शब्दाचा अर्थ छायांकित, म्हणजे एका छटेतून दुसऱ्या छटेत नकळत उतरत गेलेले. केसांच्या आधी तो कापडाच्या संदर्भात रूढ झाला. निऱ्यांकडून पदराकडे गडद होत जाणारी शिफॉनची साडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

डोक्यावरच्या केसांना अशी छटा देणारे कारागीर जागोजागी आहेत. विगला ती द्यायची म्हटले, की मात्र बहुतेक पार्लर हात वर करतात. मग घरच्या घरी प्रयोग सुरू होतात आणि त्यातले बरेच फसतात. फसण्याचे कारण रंगात क्वचितच असते. विग कोणत्या तंतूचा बनलेला आहे हे न पाहताच रंग कालवायला घेतला जातो, खरी चूक तेथे होते.

विग वापरणाऱ्यांत एकांकिका स्पर्धांमध्ये भाग घेणारी महाविद्यालयीन मुले आहेत, नृत्यशाळा आहेत, नुसती हौस असणारे आहेत. त्याचबरोबर केमोथेरपीमुळे केस गळालेले रुग्ण आणि चाई पडून केस गेलेली माणसेही आहेत. त्यांच्या दृष्टीने विग ही हौसेची वस्तू नसते. दुकानातून आणलेला एकसारखा काळा विग आरशात 'टोप घातल्यासारखा' दिसतो, ही त्यांची नेहमीची तक्रार, आणि ती अनाठायी नाही. नैसर्गिक केस मुळापासून टोकापर्यंत सहसा एका रंगाचे नसतात. उन्हाने, धुण्याने आणि वयाने टोके थोडी विटलेली असतात. म्हणूनच दोन छटांचा विग अधिक खरा वाटतो. परंतु पदरमोड करून घेतलेला विग एका दुपारच्या प्रयोगात वाया गेला, तर दुसरा घेण्याची ऐपत आणि मनःस्थिती प्रत्येकाची असतेच असे नाही. डोक्यावरचा केस बिघडला तरी चार महिन्यांत नवा वाढतो. विगचा केस वाढत नाही.

तंतूची परीक्षा

विग दोन प्रकारचे असतात : मानवी केसांचे आणि कृत्रिम तंतूंचे. दोन्हींचे मिश्रण असलेले विगही बाजारात मिळतात आणि तेच सर्वांत फसवे ठरतात. वेष्टनावरील मजकुरावर विसंबू नये. मानेकडच्या आतल्या बाजूने चार-पाच केस कापून घ्यावेत, चिमट्यात धरावेत आणि चिनीमातीच्या बशीवर पेटत्या काडीपाशी न्यावेत. मानवी केस आक्रसून जळतो, जळक्या केसांचा परिचित वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरगळता येते. कृत्रिम तंतू वितळतो, त्याला प्लॅस्टिकसारखा वास येतो आणि टोकाला कडक गोळी तयार होते. मिश्रणाची शंका असल्यास तीन-चार ठिकाणचे केस तपासावेत.

कृत्रिम विगमध्ये मॉडॅक्रिलिक या तंतूचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. जपानमधील कानेका कंपनीचा 'कानेकालॉन' हा त्यातील सर्वपरिचित प्रकार. १९५०च्या दशकापासून तो बनतो आहे. हा तंतू सहज पेट घेत नाही, आणि माणसाच्या डोक्यावर बसणाऱ्या वस्तूसाठी हा गुण मोलाचा आहे. उष्णता सहन करणारे म्हणून विकले जाणारे विग बहुधा पॉलिएस्टर जातीच्या तंतूंचे असतात. मॉडॅक्रिलिक अॅसिटोनमध्ये विरघळतो, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवलेली बरी. विगवरील डाग काढायला अॅसिटोनयुक्त नेलपॉलिश रिमूव्हर घेणाऱ्यांच्या हाती चिकट गोळा उरतो.

ही परीक्षा एवढी महत्त्वाची का, ते केसांच्या रंगाचे रसायन पाहिले की कळते. १९०७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ युजीन शुएलर यांनी कृत्रिम केशरंग तयार केला आणि १९०९ मध्ये त्यातूनच पुढे लोरिआल कंपनी उभी राहिली. आजचे टिकाऊ केशरंग त्याच जातीच्या रसायनावर चालतात. रंगाचे बारीक रेणू केसावरील खवल्यांखालून आत शिरतात, तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. या सगळ्याला केराटिनचा, खवले असलेला केस हवा. कृत्रिम तंतूला खवले नाहीत. त्याचा रंग बहुधा तंतू ओढला जाण्यापूर्वीच कच्च्या द्रावणात मिसळलेला असतो. त्यामुळे केशरंगाची पेस्ट त्यावर कितीही वेळ ठेवली तरी परिणाम शून्य. प्रस्तुत प्रतिनिधीने नाटकाच्या सामानातून बाद झालेल्या एका टोपावर हा प्रयोग करून पाहिला. पाऊण तासानंतर न्हाणीघराची फरशी आणि टॉवेल तपकिरी झाले, टोप जसा होता तसाच राहिला.

गुंतवळ आणि रेमी

मानवी केसांचे सगळे विग तरी एका योग्यतेचे कुठे असतात? विग रंगवणाऱ्याने त्यातील केसांचे कूळही थोडे जाणून घ्यायला हवे.

भारत हा मानवी केसांचा मोठा निर्यातदार देश आहे. तिरुमला येथे भाविकांनी मुंडन करून अर्पण केलेल्या केसांची तिरुमला तिरुपती देवस्थानम लिलावाने विक्री करते. २००४ मध्ये या व्यापाराला एक अनपेक्षित धक्का बसला होता. कर्मठ ज्यू समाजातील विवाहित स्त्रिया धर्माज्ञेनुसार केस झाकण्यासाठी विग वापरतात. हे केस दुसऱ्या धर्माच्या उपासनेतून आलेले असल्याने ते वर्ज्य आहेत, असा निर्णय जेरुसलेममधील एका थोर धर्मगुरूने दिला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तसेच इस्रायलमध्ये विगांच्या चक्क होळ्या पेटल्या.

रंगाच्या दृष्टीने या केसांचा गुण असा, की ते एकगठ्ठा उतरवलेले असतात. त्यांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला ठेवता येतात, त्यामुळे सर्व केसांवरील खवले एकाच दिशेने राहतात. अशा मालाला व्यापारी भाषेत 'रेमी' म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा माल आपल्या अधिक ओळखीचा आहे. विंचरताना निघालेले गुंतवळ साठवून ठेवायचे आणि दारावर येणाऱ्या केसांवर भांडी देणाऱ्या बाईला विकायचे, ही रीत महाराष्ट्रातील अनेक घरांनी पाहिली आहे. गुंतवळातील केस उलटसुलट असतात. त्यांचे खवले एकमेकांत अडकून जटा होऊ नयेत म्हणून कारखान्यात आम्लाच्या द्रावणाने ते खवले काढून टाकले जातात आणि वरून सिलिकोनचा चकचकीत लेप चढवला जातो. असा विग नवा असताना रेशमासारखा दिसतो. पण त्याचा केस आतून पोकळ झालेला असतो. तो रंग भराभर शोषतो आणि तितक्याच लवकर सोडतो. ब्लीचने तो चटकन तुटतो. स्वस्तातील मानवी केसांचा विग घेतला असेल तर तो याच जातीचा आहे असे गृहीत धरूनच काम करावे.

उलट्या दिशेने विचार

सर्वसाधारण समज असा, की दुरंगी छटेसाठी काळा विग आणावा आणि त्याची टोके फिकट करावीत. डोक्यावरच्या केसांना तेच करतात, म्हणून विगलाही तेच. वस्तुतः विगच्या बाबतीत ही दिशा उलटी हवी. कोणत्याही तंतूला गडद करणे सोपे आणि बरेचसे निर्धोक असते. फिकट करणे मानवी केसांत जोखमीचे आणि कृत्रिम तंतूंत जवळजवळ अशक्य असते. म्हणून टोकांना जी छटा हवी त्या छटेचाच विग विकत घ्यावा आणि त्याचा वरचा भाग गडद करावा.

विगच्या रंगांना क्रमांक असतात. उत्पादकानुसार त्यात थोडा फरक पडतो. तरी स्थूलमानाने १ म्हणजे गडद काळा, १बी म्हणजे नैसर्गिक काळा, २ म्हणजे अत्यंत गडद तपकिरी, ४ म्हणजे तपकिरी, ६ म्हणजे त्याहून फिकट तपकिरी, २७ म्हणजे मधासारखा सोनेरी आणि ६१३ म्हणजे फिकट सोनेरी. आपल्याकडील बहुतेकींच्या वर्णाला १बी ते ४ किंवा १बी ते ६ एवढाच प्रवास शोभतो, असे या प्रतिनिधीचे मत आहे. १बी ते ६१३ ही उडी रंगमंचावर ठीक, लोकलच्या डब्यात नाही. तेव्हा ४ किंवा ६ क्रमांकाचा मानवी केसांचा विग घेऊन त्याची मुळे १बी करणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

त्यासाठी अमोनियाविरहित, डेमी-पर्मनंट प्रकारचा रंग पुरतो. तो केसातील मूळ रंग ओरबाडून काढत नाही, नुसता भर घालतो. प्रथम विग साध्या, तेल किंवा क्रीम नसलेल्या शांपूने धुऊन सिलिकोनचा लेप शक्य तितका उतरवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. थर्माकोलच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावर विग टाचण्यांनी घट्ट बसवावा. रंग घट्टसर कालवावा. पातळ रंग ओघळून विगच्या आतील जाळीला डाग पाडतो आणि तो डाग भांगातून दिसत राहतो. पट्ट्या शिवलेल्या, म्हणजे वेफ्टच्या विगमध्ये शिवणीपर्यंत ब्रश नेता येतो. लेसच्या विगमध्ये मात्र कपाळाकडची पहिली ओळ सोडून द्यावी. कपाळावरची बारीक लव थोडी फिकट राहिली तर उलट ती खरी वाटते.

रंग लावण्यापूर्वी फिकट राहायला हव्यात त्या टोकांना भरपूर कंडिशनर चोपडून ठेवावे. धुताना वरचा गडद रंग खाली ओघळतो, त्याला हा थर अडवतो. मग कानाच्या उंचीपर्यंत पूर्ण रंग लावावा. त्याखालच्या सात-आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यातच सगळे कौशल्य आहे. तेथे ब्रशवर नवा रंग घ्यायचा नाही. जवळपास कोरडा झालेला ब्रश उभा धरून वरून खाली हलके फटकारे मारायचे आणि प्रत्येक बट निरनिराळ्या उंचीवर सोडायची. दोन शेजारच्या बटांचा रंग एकाच रेषेत संपला, तर वाळल्यावर तेथे पट्टा दिसणारच. शेवटच्या चार-पाच मिनिटांत रुंद दातांची फणी एकदाच वरून खाली फिरवली, की सीमा आणखी विरघळते. नंतर गार पाण्याने, विग आडवा न करता, धार वरून खाली सोडून धुवावे.

ब्लीच करायचेच असेल तर

काळा विग आधीच घरात आहे, दुसरा घेणे शक्य नाही, अशी परिस्थिती असू शकते. येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की रंगवलेल्या केसाला दुसरा फिकट रंग लावून तो उजळत नाही. बाजारातील काळे विग बहुतांशी कारखान्यातच रंगवलेले असतात. त्या रंगाचा थर काढायला ब्लीचच लागते आणि तो कसा निघेल याचा अंदाज आधी देता येत नाही. म्हणून मानेकडच्या आतील एका बटेवर संपूर्ण कृती करून पाहावी, ती वाळू द्यावी, ओढून पाहावी. बट रबरासारखी ताणली किंवा तुटली, तर तेथेच थांबावे. विगवर पूर्वी काळी मेंदी लावलेली असेल तर ब्लीचचा विचारच सोडून द्यावा. काही मिश्र मेंद्यांत धातूचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी त्यांची तीव्र प्रक्रिया होते.

ब्लीच पावडर आणि डेव्हलपर यांचे प्रमाण सामान्यतः एकास दोन. डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा घ्यावा. ४० व्हॉल्यूममध्ये हेच प्रमाण १२ टक्के असते आणि वेळ वाचवण्याच्या मोहात तो घेणारे विगला कायमचे मुकतात. मिश्रण प्लॅस्टिकच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात करावे, धातूच्या नाही. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. ब्लीच पावडरीतील परसल्फेट क्षारांनी दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

बट मधोमध धरून उलट्या बाजूने, म्हणजे टोकांकडून मुळांकडे, फणीने हलकेच मागे ढकलावी. काही केस वर सरकून तेथे मऊ गुंता होतो. उरलेल्या सुट्या केसांना ब्लीच लावले, की सीमा आपोआप तुटक होते. पार्लरमध्ये वापरली जाणारी ही जुनी युक्ती विगवर फारच उपयोगी पडते, फक्त खवले काढलेल्या विगचा गुंता नंतर सोडवताना धीर लागतो. टोकांना आधी आणि भरपूर, वरच्या भागाला नंतर आणि कमी, असा क्रम ठेवावा. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून रंग पाहावा. घड्याळापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा. या प्रतिनिधीने आपल्या स्वतःच्या केसांना लागतो तेवढाच वेळ एका विगला दिला होता. परिणामी खांद्याच्या उंचीवर पट्टीने आखल्यासारखी नारिंगी रेघ उमटली आणि ती झाकण्यासाठी विग कापून आखूड करावा लागला.

ही नारिंगी छटा चुकीमुळेच येते असेही नाही. काळा केस उजळताना आधी लालसर तपकिरी, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. हा क्रम चुकवता येत नाही. फार उजळ करण्याच्या मागे न लागता लालसर तपकिरीपाशी थांबावे आणि नको तो तांबूसपणा टोनरने मारावा. निळी झाक असलेला टोनर नारिंगीला दाबतो, जांभळा पिवळ्याला. गाठी मारलेल्या लेसच्या विगमध्ये ब्लीच गाठींपर्यंत पोहोचू देऊ नये. गाठीजवळचा केस ठिसूळ झाला, की विंचरताना मुळासकट निघून येतो.

कृत्रिम विगचा वेगळा न्याय

येथे ब्लीच निरुपयोगी. तंतूतील रंग ते काढू शकत नाही, तंतूचा पोत मात्र बिघडवू शकते. कापसाच्या कापडाचे रंगही चालत नाहीत. उरतात दोन मार्ग.

पहिला डिस्पर्स रंगांचा. सुरतेच्या पॉलिएस्टर साड्या ज्या जातीच्या रंगांनी रंगतात तेच हे रंग. ते पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगतात आणि उष्णतेने तंतूत शिरतात. म्हणजे उष्ण पाणी आलेच, आणि उष्ण पाण्याने कृत्रिम विगच्या कुरळ्या बटा मोकळ्या होतात. सरळ केसांच्या विगसाठीच हा मार्ग स्वीकारावा. रंगाचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

फिकट विगची टोके गडद करण्यासाठी ही पद्धत नामी आहे. विगची टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बांधावी, केस साध्या पाण्याने ओले करावेत. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे येऊ लागतील इतपत पाणी तापवावे, खळखळा उकळू नये. विग जिथपर्यंत रंगवायचा तिथपर्यंत केस मिनिटभर बुडवावेत आणि नंतर सतत खाली-वर करत हळूहळू उचलत न्यावेत. टोके सर्वांत शेवटी, पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यावीत. हात एका जागी थांबला तर तेथे रेघ पडते. कापडाची रंगाई पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. ओला रंग नेहमी गडद दिसतो, म्हणून मधूनमधून एक बट टिपकागदाने कोरडी करून पाहावी. विग गरम असताना पिळू किंवा विंचरू नये. तंतू त्या अवस्थेत मऊ असतो, ताण दिला तर कायमचा वेडावाकडा होतो.

दुसरा मार्ग शाईचा. पर्मनंट मार्करमधील शाईची कांडी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, की रंगीत द्रावण मिळते. ते फवाऱ्याच्या बाटलीत भरून थोड्या थोड्या केसांवर मारावे : टोकांना जवळून, वरच्या भागाला लांबून. उतरती छटा त्यातूनच मिळते. नाटकाच्या, वेशभूषा स्पर्धेच्या विगसाठी हे ठीक आहे. तथापि हे द्रावण ज्वालाग्राही आहे. शेजारी गॅस, उदबत्ती किंवा देवघरातील निरांजन तेवत असताना ही फवारणी करणे म्हणजे आगीशी खेळ. ही शाई केसांत शिरत नाही, वर बसते. त्यामुळे गार पाण्यात रंग यायचा थांबेपर्यंत विग धुतला, तरी घामाने ती थोडीफार कपड्यांना लागतेच. पांढरा सदरा घालून असा विग वापरू नये.

काळ्या कृत्रिम विगची टोके फिकट करण्याचा उपाय रंगात नाही, सुईदोऱ्यात आहे. त्याच जातीच्या तंतूच्या, फिकट रंगाच्या वेफ्टच्या तयार पट्ट्या मिळतात. मानेकडच्या खालच्या दोन-तीन ओळींत त्या आतून शिवाव्यात. वरचे काळे केस त्यांवर पडले, की खाली डोकावणारी फिकट छटा दिसते. काळ्या ओळींची टोके किंचित आखूड, असमान कापली तर मिश्रण अधिक चांगले होते. यात रसायन नाही, गंध नाही आणि मुख्य म्हणजे टाके उसवले की विग पूर्ववत.

रुग्णांसाठी विग

केमोथेरपीच्या काळात टाळू अतिशय हळवी झालेली असते. घरी रंगवलेला विग अशा टाळूवर बसणार असेल, तर वरील कृतींपैकी प्रत्येक चालेलच असे नाही. शाई आणि डिस्पर्स रंगांचे प्रयोग अशा विगवर करू नयेत. टिकाऊ केशरंगांत, विशेषतः गडद छटांत, पीपीडी या संक्षेपाने ओळखले जाणारे रसायन असते आणि त्याची अॅलर्जी अनेकांना असते. विग नीट धुतल्यावर हा धोका कमी होतो, तरी पूर्वी कधी मेंदी वा केशरंगाने खाज आलेली असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रंगवलेला विग वापरू नये. रंगकाम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे, विग दोनदा शांपूने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि आत पातळ सुती टोपी घालूनच तो डोक्यावर चढवावा.

खरे तर रुग्णाने मुळांशी गडद आणि पुढे फिकट अशा तयार विगची चौकशी आधी करावी. असे विग 'रूटेड' या नावाने मिळतात आणि त्यांच्या मुळांची छटा कारखान्यातच तंतूत बसवलेली असते. शक्य असल्यास विगची निवड उपचार सुरू होण्यापूर्वी करावी. स्वतःच्या केसांची एक बट कापून सोबत नेली, तर मूळ रंगाशी जुळणारी छटा निवडता येते. आठवणीवर विसंबून निवडलेला रंग बहुधा अधिक काळा निघतो.

नंतरची निगा

रंगवलेला मानवी केसांचा विग रोज धुऊ नये. आठ-दहा वेळा वापरल्यावर एकदा, गार पाण्यात सौम्य शांपू घालून, न चोळता बुडवून काढावा. दोरीवर चिमटे लावून उन्हात वाळवण्याची आपली सवय येथे सोडायला हवी. उन्हाने टोके आणखी विटतात आणि मेहनतीने साधलेली छटा दोन महिन्यांत पिवळी पडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत विग रात्री डब्यात बंद न करता स्टँडवर उघडा ठेवावा, नाहीतर जाळीला कुबट वास येतो.

कृत्रिम विग रंगवलेला असो वा नसो, त्याचा मोठा शत्रू स्वयंपाकघरात असतो. कुकरची शिट्टी, कढईतील फोडणी, ओव्हनचे उघडलेले दार : वाफेचा आणि उष्ण हवेचा एक झोत कपाळाकडचे तंतू आक्रसून टाकायला पुरेसा होतो, आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. त्या वेळी विग काढून ठेवावा किंवा केस मागे बांधून वर सुती रुमाल बांधावा. मानेवर कॉलरशी घासून टोकांचा पिंजारा होतो, तोही दुरंगी विगमध्ये लवकर दिसतो, कारण फिकट टोकांवर प्रकाश अधिक पडतो. पिंजारलेली टोके रंगवून झाकण्याच्या भानगडीत न पडता कात्रीने अर्धा सेंटिमीटर छाटावीत.